कधीच न उतरणारं कवच

राजेश घाडी पडला तेव्हा आमच्या चाळीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. राजेश पडणं ही साधी गोष्ट नव्हती. तो मंडळाचा अध्यक्ष, आणि कित्येक वर्षं गोविंदा पथकात सगळ्यात खालच्या थरात उभा राहिलेला गडी. त्याच्या खांद्यांवरून थर चढले, उतरले, कोसळलेसुद्धा. तो हलला नाही. आणि आता लालबागच्या आमच्या चाळीच्या भर पटांगणात एका काडीसारख्या माणसाने त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवून दाबलं, तर हा गडी तोल जाऊन शेजारच्या खुर्चीवर आडवा. खुर्चीत दौलत बसला होता, तो वेगळाच ओरडला.

"बघितलंत?" काडीसारखा माणूस म्हणाला. त्याचं नाव हेमचंद्र गुरुजी. अंगावर भगवं काही नव्हतं. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, खिशाला दोन पेनं आणि कॉलरला छोटा माईक. "मी ढकललं नाही. मी फक्त विचारलं. आत इम्युनिटी शिल्लक आहे का? शरीराने उत्तर दिलं."

मग त्यांनी पेटीतून तांब्याची एक चकती काढली. रुपयापेक्षा मोठी, मधे भोक, त्यात लाल दोरा. ती राजेशच्या दंडाला बांधली, डोळे मिटले, ओठ हलवले आणि पुन्हा हात दाबला. राजेश खांबासारखा उभा. गुरुजींनी जोर लावला, कपाळावरची शीर फुगवली. राजेश तसाच.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात राजेशनेच.

ही गोष्ट दोन हजार बावीसच्या आषाढातली. दोन वर्षं हंडी फुटली नव्हती, गणपती चार माणसांत बसला होता. आता सगळं उघडलं होतं आणि कोरोना गेला असं लोकांनी आपापसात ठरवून टाकलं होतं. कोरोनाला तेवढं कोणी कळवलं नव्हतं. बूस्टर डोस साठीच्या वरच्यांना केव्हापासून फुकट होता. लसीकरण केंद्रावरच्या सिस्टर रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसलेल्या असायच्या.

"लस मी वाईट म्हणत नाही," गुरुजी म्हणाले. "मी विज्ञानाचा माणूस आहे. पण लस म्हणजे मोबाईलचा रिचार्ज. काही महिने चालतो, मग संपतो. डॉक्टर स्वतः सांगतात. मग किती वेळा टोचून घेणार? हे कवच म्हणजे लाइफटाइम व्हॅलिडिटी. एकदा बांधलं की उतरत नाही."

मी मागे उभा राहून हसलो. मला चाळीत अप्पा म्हणतात आणि माझं हसू दबकं नाही. सगळा जन्म गिरणीत साच्यांच्या खडखडाटात गेल्यामुळे माझं काहीच दबकं नाही.

"या आजोबा, तुम्ही या," गुरुजी म्हणाले. "पाय जुळवा. हात बाजूला सरळ धरा."

मी पडलो. मग त्यांनी चकती बांधली आणि मी उभा राहिलो. आता हसायची पाळी लोकांची होती.

यात चलाखी आहे हे मला कळत होतं. कुठे आहे ते कळत नव्हतं. आणि नुसतं 'खोटं आहे' म्हणून चाळीत कोणी ऐकत नाही. लोक विचारतात, मग तुम्ही पडलात कसे?

तरी इथवर ठीक होतं. लोकांनी चकत्या बांधल्या असत्या, आठवडाभराने दोरा भिजून कुजला असता, विषय संपला असता. पण गुरुजींनी आमची नस बरोबर ओळखली होती. आमची चाळ सगळी मालवणकडची. आमच्यात शुभकार्याला गाऱ्हाणं घालतात. एकजण उभा राहून देवाला खड्या आवाजात सगळं सांगतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी मिळून 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. लहानपणापासून तोंडात बसलेलं असतं. समोरचा काय बोलला ते कानात शिरायच्या आत तोंडातून 'व्हय' निघून जातं. चाळीचं गाऱ्हाणं मीच घालतो. देवावर माझा विश्वास नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण माझ्याइतका आवाज दुसऱ्या कोणाला नाही. राजेशने त्या दिवशी मला विचारलं होतं, मी नाही म्हणालो होतो. तर गुरुजींनी स्वतःच हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां आज कवच बांधतत..."

"व्हय म्हाराजा."

"लशीचा बळ उतारला ता उतारला, ह्या कवचाचा बळ कधी उतरू देऊ नको रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"आणि जो कोण ह्या कवच सोडून दुसऱ्या कशाच्या मागे जायत, तेका तूच बघून घे रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," पटांगण म्हणालं.

त्या आवाजात माझ्या शेजारच्या खोलीतल्या सुभद्रावयनीचा आवाज होता.

सुभद्रावयनी म्हणजे माझा मित्र गंगाधर, त्याची बायको. गंगाधर पहिल्या लाटेत गेला. तेव्हा लस निघाली नव्हती आणि आम्हाला त्याचं तोंडही बघायला मिळालं नाही. वयनीने गिरणीत सूत गुंडाळण्याच्या खात्यात जन्म काढला. कापसाची धूळ तिच्या छातीत अजून बसलेली आहे. जिना चढली की दोनदा थांबते, श्वासाचा पंप ओढते. वर साखर. पहिले दोन डोस तिने रांगेत पहिला नंबर लावून घेतले होते. त्याला आता वर्ष उलटून गेलं होतं. तिची नात आकांक्षा तिच्याजवळच राहते. बँकेत नोकरीला आहे आणि संध्याकाळी बायकांच्या गोविंदा पथकाला शिकवते. ती रोज आजीच्या मागे लागायची, आज केंद्रावर जाऊ, उद्या जाऊ. वयनी जवळजवळ तयार झाली होती, आणि मधे हे कवच आलं.

"आता माका गरज नाय," वयनी दंडावरची चकती दाखवत म्हणाली. "आणि देवासमोर 'व्हय' म्हटलंय मी. आता सुई घेतलंय तर शब्द मोडता."

"आजी, तू नुसती सगळ्यांबरोबर बोललीस गो."

"सगळ्यांबरोबर बोललंय तरी तोंड माझाच होता."

आकांक्षा तशीच सरावाला निघून गेली. 

पंधरवड्यात दौलत आजारी पडला. ज्याच्या अंगावर राजेश पडला होता तोच. हृदयाचं दुखणं, वय सत्तरीच्या पुढे, दंडाला कवच. कवच आहे म्हणून तो लग्नाला गेला, बारशाला गेला, घरातला पोरगा खोकत होता तरी त्याच्या शेजारी झोपला. आठ दिवस ऑक्सिजनवर होता. वाचला, पण परत आला तो धरून आणावा लागला.

मला वाटलं, आता लोकांचे डोळे उघडतील. राजेशने गुरुजींना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"कवच होतं म्हणून जिवंत आला," गुरुजी म्हणाले. "नसतं तर?"

"पण मुळात झाला कसा, गुरुजी?"

"आंघोळीला गरम पाणी घेतलं असेल. तांब्याला चालत नाही."

म्हणजे माणूस वाचला तर कवचामुळे, आजारी पडला तर गरम पाण्यामुळे, आणि गेला असता तर श्रद्धा कमी पडली म्हणून. या माणसाला हरवायचं कसं? चाळीने त्या दिवसापासून थंड पाण्याने आंघोळी सुरू केल्या. पावसाळ्यात. निम्मी चाळ शिंकायला लागली.

परळला आमच्या डॉक्टर आहेत, मृणालिनीबाई. वयनीच्या पंपाची चिठ्ठी घ्यायला आम्ही तिला घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी चकती पाहिली.

"आजी, लशीचा जोर उतरतो असं तुमचे गुरुजी म्हणाले ना?"

"म्हणाले."

"ते खरं आहे. त्यांनी तेवढंच खरं सांगितलं." बाईंनी पंपाचं टोपण लावलं. "शरीर शिकलेलं हळूहळू विसरतं. तरुणांचं सावकाश, तुमच्या वयात लवकर, त्यात तुमची छाती आणि साखर. अगदी सगळं विसरत नाही, पण ऐन वेळी पटकन आठवत नाही. बूस्टर म्हणजे आठवण करून देणं."

"मगे पुन्हा विसारतला."

"विसरेल. मग पुन्हा आठवण करू."

"आणि घेतलंय तर होवचो नाय?"

"होऊ शकतो. पण दवाखान्यात झोपायची वेळ येण्याची शक्यता कमी होते. घरात कोणी खोकलं तर तोंडाला मास्क, खिडक्या उघड्या, आणि तुम्हाला ताप आला तर त्याच दिवशी माझ्याकडे. वाट बघायची नाही."

 परतीच्या वाटेवर वयनी म्हणाली, "गुरुजीन सांगितल्यान, कधी उतारना नाय. ह्या बाईक तर स्वतःचीच खात्री नाय."

खरं बोलणाऱ्याची ही पंचाईत आहे. डॉक्टर 'कमी होतं' म्हणतात, 'शक्यता' म्हणतात. भोंदू 'कधीच नाही' म्हणतो. ऐकायला भोंदूच बरा वाटतो.

चलाखी सापडली ती गोविंदाच्या सरावात. गुरुपौर्णिमेला सरावाचा नारळ फुटला होता आणि पटांगणात रोज संध्याकाळी पोरी थर लावत होत्या. मी गॅलरीच्या कठड्याला टेकून बघत होतो. आकांक्षा खालच्या थराच्या पोरींना एकेक करून तपासत होती. खांद्यावर दोन्ही हात ठेवायची आणि सगळा भार टाकायची. एकही हलत नव्हती. मग एक नवी पोर शेजारणीशी बोलायला वळली, हात बाजूला लांब केलेला. आकांक्षाने तिला जागेवर आणायला मनगट धरून जरासं खाली ओढलं, तर ती पोर गवताच्या पेंढीसारखी कलंडली.

आकांक्षा तिथेच थांबली. तिने पोरीला उठवलं, पुन्हा हात लांब करायला लावला, पुन्हा मनगट धरलं. पडली. मग कोपराजवळ धरलं आणि दाबलं. नाही पडली.

तिने वर माझ्याकडे बघितलं. "अप्पा, खाली या जरा. आणि कोणाला बोलू नका."

श्रावण लागल्यावर पहिल्या रविवारी गुरुजी पुन्हा आले. या वेळी पथकातल्या सगळ्यांना कवच द्यायचं होतं, म्हणजे हंडीच्या गर्दीत बिनधास्त फिरता येईल. पटांगण भरलं होतं. वयनी पुढच्याच बाकड्यावर, शेजारी खुर्चीत काठी धरलेला दौलत.

"गुरुजी," आकांक्षा म्हणाली, "मी करून बघू?"

"ताई, त्याला साधना लागते."

"दोन मिनिटांत होईल तेवढी करते. राजेशकाका, या ना. कवच आहे ना बांधलेलं?"

"झोपताना पण काढत नाही," राजेश म्हणाला.

"पाय जुळवा. हात बाजूला."

तिने मनगटावर दोन बोटं ठेवली आणि राजेश घाडी, दंडावर लाइफटाइम व्हॅलिडिटी असताना, चाळीसमोर दुसऱ्यांदा पडला. दौलतने या वेळी खुर्ची आधीच मागे घेतली होती.

"आता कवच काढा."

राजेशने गुरुजींकडे पाहिलं, मग काढलं. आकांक्षाने पिशवीतून एक सुका बोंबील काढला आणि दोऱ्याने त्याच्या दंडाला बांधला. एक बाई म्हणाली, "गो, श्रावण चालू आसा." आकांक्षा म्हणाली, "खायचा नाही, बांधायचाय." तिने डोळे मिटले, ओठ हलवले, हात दाबला. राजेश खांबासारखा उभा. तिने दोन्ही हातांनी जोर लावला, जवळजवळ लटकली. राजेश तसाच.

पटांगणात असा हशा पिकला की वरच्या मजल्यावरचे लोक गॅलरीत आले.

"बोंबील हासुद्धा सागराचा जीव आहे," गुरुजी घाईने म्हणाले. "त्यात प्राणशक्ती असते."

"मग जन्मभर बोंबील खावन आमी कित्याक आजारी पडतोव?" दौलत म्हणाला.

"शक्ती बोंबलात नाही आणि तांब्यातही नाही," आकांक्षा म्हणाली. तिने राजेशचा हात धरून सगळ्यांना दाखवलं. "पाय जुळलेले असले की माणूस एका काठीवर उभा असल्यासारखा असतो. हात लांब. गुरुजी पहिल्यांदा मनगटावर दाबतात, अगदी टोकाला, आणि दाबताना थोडं बाहेर ओढतात. भार पायांच्या बाहेर गेला की कोणीही पडणार. चकती बांधल्यावर ते कोपराजवळ दाबतात आणि जोर अंगाच्या दिशेला देतात. तो भार सरळ पायांत उतरतो. खालचा थर असाच तर उभा राहतो. वीतभराचा फरक आहे. सगळे तोंडाकडे बघतात, म्हणून लक्षात येत नाही."

बघता बघता पटांगणात जो तो शेजाऱ्याला पाडायला लागला. सासवा सुनांना पाडत होत्या, सुना सासवांना जरा जास्तच.

"हे माझ्या शास्त्राचं विडंबन आहे," गुरुजी म्हणाले.

"बरं, मग एक सोपं करा," मी म्हणालो. "दोन रुमालांत दोन गाठोडी बांधू. एकात तुमची चकती, दुसऱ्यात तेवढंच काहीतरी. कशात काय ते तुम्हाला सांगायचं नाही. एकेक गाठोडं दंडाला बांधा आणि हात दाबून ओळखा."

"दुसऱ्यात बोंबील नको," मागून कोणीतरी म्हणालं. "वासाने ओळखेल."

"देवाची परीक्षा घेत नसतात," गुरुजी म्हणाले.

"देवाची नाही घेत. तुमची घेतोय. आमची तर तुम्ही महिनाभर घेतलीत."

गुरुजींना दादरला जायचं होतं, उशीर झाला होता. पेटी काखेत मारून ते निघाले. राजेश त्यांना सोडायला गेला नाही. तो दंडावरचा बोंबील सोडायचं विसरून तसाच उभा होता.

"इतकी वर्षं खालच्या थरात उभा राहिलो," तो म्हणाला, "आणि मला कळलं नाही."

"तुम्हाला नेहमी वरून दाबतात ना, काका," आकांक्षा म्हणाली. "बाजूने कोणी ओढलंच नव्हतं."

सगळे हसत होते. सुभद्रावयनी हसत नव्हती. ती उठून खोलीत गेली आणि दंडावरची चकती पदराने झाकून कॉटवर बसली. आकांक्षाने तिला सगळं करून दाखवलं, पुन्हा पुन्हा. वयनीला समजलं होतं. ती गिरणीत जन्म काढलेली बाई, तिला कुठे ओढ बसते आणि कुठे भार हे सांगावं लागत नाही.

"तो लबाड होतो, मान्य," ती म्हणाली. "पण 'व्हय' मी म्हटलंय. तां तेका नाय म्हटलंय, देवाक म्हटलंय."

आकांक्षा रडकुंडीला आली. "आजोबांच्या वेळी लस नव्हती, आजी. आता आहे आणि तू..." 

मी दारात उभा होतो. वयनीला पटवायला जे काही शास्त्र हवं होतं ते सांगून झालं होतं. अडलं होतं ते एका शब्दावर. मी चपला काढल्या, आत गेलो, आणि गंगाधरच्या फोटोखाली उभा राहून हात जोडले. गॅलरीतले लोक आवाजाने गोळा झाले. माझ्या आवाजाला ते करावंच लागतं.

"बा देवा म्हाराजा, तुझा नाव घेऊन एका भोंदून ह्या म्हातारेकडून 'व्हय' वदवून घेतल्यान..."

"व्हय म्हाराजा," गॅलरी म्हणाली.

"फसवून घेतललो शब्द शब्द नाय, तेचो गुन्हो वदवून घेणाऱ्याच्या माथ्यार, हिच्या माथ्यार नाय रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"आणि हिच्या नवऱ्यान जा दुखणा सोसल्यान, ता हिका सोसूक लागू नये, म्हणान ही उद्या सकाळी आकांक्षाचो हात धरून सुई घेवक जातली रे म्हाराजा..."

मी थांबलो. गॅलरीही थांबली, कोणी 'व्हय' म्हणालं नाही. सगळे वयनीकडे बघत होते.

वयनीने पदर सावरला. "भावजीनू, तुमचो देवावर इस्वास नाय. मगे गाऱ्हाणां कशाक घातलास?"

"देवाक खय घातलंय, वयनी? तुका घातलंय."

तिने दंडावरच्या चकतीचा दोरा सोडला. मग हळूच म्हणाली, "व्हय म्हाराजा."

दुसऱ्या दिवशी केंद्रावरच्या सिस्टरना कळेना की एका म्हातारीबरोबर एवढी चाळ का आली. आल्यासारखं मीही घेतला, आणि दौलत सोडून बाकीच्या सगळ्या म्हाताऱ्यांनीही डोस घेतला. दौलतला डॉक्टरांनी नुकत्याच झालेल्या आजारामुळे थांबायला सांगितलं होतं. वयनीचा दंड रात्री दुखला. तिने सगळ्या चाळीला शिव्या दिल्या.

दहीहंडीनंतर आकांक्षाचा घसा बसला. तिने त्याच दिवशी टेस्ट केली, ती निघाली पॉझिटिव्ह, आणि ती मंडळाच्या खोलीत राहायला गेली. वयनीला दोन दिवस अंगात कणकण आली, पंप जास्त ओढावा लागला, मग उतरली. एवढ्यावर निभावलं ते डोसमुळेच, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. एका म्हातारीवरून काही सिद्ध होत नाही, आणि छातीठोकपणे सांगणाऱ्यांचं काय ते आम्ही बघितलं आहे. हजारो म्हाताऱ्यांचा हिशोब डॉक्टर लोक ठेवतात आणि तो काय सांगतो ते मृणालिनीबाईंनी सांगितलं होतं. मला तेवढं पुरतं.

वयनीने चकती फेकली नाही. तिच्या शेगडीचा एक पाय आखूड आहे, जन्मभर डुगडुगत होती. त्याखाली तिने ती सरकवली. आता शेगडी हलत नाही. तोल सांभाळण्याचं काम ते कवच अखेर प्रामाणिकपणे करतं.

रिचार्ज संपतो म्हणून फोन कोणी समुद्रात फेकत नाही, पुन्हा रिचार्ज करतो. जे कामाचं असतं ते झिजतं, उतरतं, पुन्हा भरावं लागतं. अन्नाचंही तेच आहे. जे कधीच उतरत नाही असं कोणी सांगेल, त्याला एवढंच विचारा की ते कधी चढलं होतं का. आणि तो तुमचा हात दाबायला लागला, तर तोंडाकडे बघू नका, बोटं कुठे आहेत ते बघा.

तुमच्या घरातही कोणी म्हातारं असेल, कोणाची छाती, कोणाचं हृदय, कोणाची साखर. त्यांनी शेवटचा डोस कधी घेतला ते तुम्हाला सांगता येतं का? येत नसेल तर आज त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. पुढे काय करायचं ते डॉक्टरांना विचारा. आणि तुम्ही खोकत असाल, तर विचारायलासुद्धा दाराबाहेरूनच उभे राहा.